काहीही टाइप करा

माझ्याकडे तपासायला आलेला बदल एकतीस ओळींचा होता. सतरा लाल, चौदा हिरव्या. लाल म्हणजे जुन्या कोडमधून काढून टाकलेल्या ओळी, हिरव्या म्हणजे त्यांच्या जागी घातलेल्या. हा बदल कशासाठी केला ते लिहायच्या चौकटीत सोमनाथ सरांनी एकच शब्द लिहिला होता : साफसफाई.

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे. प्रयोगवहीत कोणी कारण म्हणून 'साफसफाई' लिहिलं असतं तर आमच्या मॅडमनी वही परत केली असती. पण नोकरीला लागून मला अडीच महिनेच झाले होते आणि एकटीने तपासायचा हा माझा पहिलाच बदल होता. ऑफिसांत कारणं अशीच लिहीत असतील, असं मी धरून चालले.

आमचं ऑफिस बीडला, ठिबकच्या सामानाच्या एका दुकानावर. जिल्ह्यातल्या एका दूध संघाची अकरा संकलन केंद्रं आमच्या सॉफ्टवेअरवर चालतात. प्रत्येक केंद्रात जेवणाच्या डब्याएवढी तीन मशीन असतात. एक बंद पडलं तरी उरलेली दोन काम सोडत नाहीत. या तिघांच्या गटाला सोमनाथ सर क्लस्टर म्हणतात. गटातल्या मशीनांनी एकमेकांना ओळखावं म्हणून तिघांकडे एकच किल्ली असते. किल्ली म्हणजे आकड्यांची एक लहानशी फाइल. ज्याच्याकडे ती आहे ते आपलं, बाकी परकं. माझे वडील मेंढरं राखतात, आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा आडवा पट्टा असतो, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. प्रत्येक केंद्राची किल्ली निराळी हवी आणि ती केंद्राबाहेर जाता कामा नये. ही किल्ली तयार करणाऱ्या प्रोग्रामातल्या एकतीस ओळी माझ्यासमोर होत्या.

मंगळवारी दुपारी आमचे मालक मोहनराव केबिनमधून बाहेर आले.

"शिवकन्या, वाचलं का? ओके करून टाक. शुक्रवारच्या बैठकीत सांगायचंय, आमी टूल बदललं म्हणून."

"सर, जुन्या टूलमध्ये काय बिघडलं होतं?"

"बिघडलं काय न्हाई. त्या नेकनूरच्या बाईनं घोळ केला, म्हणून बदलायचं."

घोळ असा होता. संघाने बाहेरचा एक तपासनीस बोलावला होता. किल्ली उघड न करता ती ओळखता यावी म्हणून प्रत्येक किल्लीचा एक ठसा असतो, थोड्या अक्षरांचा. तपासनीसाने अकराही केंद्रांचे ठसे एकाखाली एक मांडले, तर नेकनूर आणि धारूरचा ठसा तंतोतंत सारखा निघाला. दोन्ही '४ई९०'ने सुरू होणारे. नेकनूरची ऑपरेटर बबिता जानेवारीत धारूरला गेली होती, तिथल्या माऊली नावाच्या नव्या ऑपरेटरला काम शिकवायला. संघाने जोड लावली : बाईने नेकनूरची किल्ली पेनड्राइव्हवर घेतली आणि धारूरच्या मशीनमध्ये टाकली. किल्ली बाहेर नेणं म्हणजे नोकरी जाणं, हा नियम तिने सही करून मान्य केला होता. शुक्रवारी खुलासा द्यायचा, नाहीतर कामावरून कमी.

"तिचं काय म्हणणं आहे?" मी विचारलं.

"काय असणार? म्हणती, पेनड्राइव्हच न्हाई माझ्याकडं." मोहनराव हसले. "ठसे काय आपोआप जुळले का मग?"

हे मात्र मलाही पटत होतं. आपोआप जुळणं शक्यच नव्हतं. मी वहीत गणित मांडून पाहिलं. आमच्या तलवाड्याजवळच्या गोदावरीच्या पात्रातून तुम्ही वाळूचा एक कण उचलायचा, परत टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून नेमका तोच उचलायचा, हे त्याच्या मानाने फारच सोपं. पात्रात वाळू उरली आहे असं धरून.

म्हणजे किल्ली कोणीतरी नेलीच असणार. तरीही मला ओके दाबवेना. बाईने किल्ली चोरली असेल तर किल्ली तयार करणाऱ्या टूलमधल्या सतरा ओळी काढायचं काय कारण? कुलूप फोडलं म्हणून कोणी लोहाराची भट्टी बदलत नाही. मी लाल ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या.

जुनं टूल पडद्यावर एक वाक्य दाखवायचं : 'काहीही टाइप करा. किमान शंभर अक्षरं. मग एंटर दाबा.' मग टाइप केलेल्या अक्षरांतून मोकळ्या जागा काढून टाकायचं, शेवटी त्या दिवसाची तारीख जोडायचं आणि हे सगळं दळून त्याची किल्ली करायचं. दळण इतकं बारीक की एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर किल्ली पूर्ण वेगळी. नव्या चौदा ओळी कोणाला काही विचारत नव्हत्या. मशीनच्या आतूनच यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेले, आकडे घेत होत्या.

मी सोमनाथ सरांच्या टेबलाशी गेले. मला काम त्यांनीच शिकवलं. ते मूळचे धारूरचे, चिडत नाहीत, चहात साखर तीन चमचे.

"सर, आधी लोकांना टाइप का करायला लावत होतो?"

"अगं, ती पहिली मशीन लई गरीब. नुकतं चालू झालेलं मशीन आतून एकदम शांत असतं. यादृच्छिक आकडे दे म्हणलं की पाच-पाच मिनिटं बसून ऱ्हायचं. संघाचे लोक म्हणायले, बंद पडलं. मग मी म्हणलं, माणसालाच टायपायला लावू. माणूस काहीही टाइप करतो, प्रत्येकाचं काहीही वेगळं."

"आणि आता?"

"आता मशीन सुधरली. आतूनच घेता येतं. म्हणून साफसफाई." ते पडद्याकडे पाहत म्हणाले.

उत्तर बरोबर होतं. मी जागेवर येऊन बसले आणि जुनं टूल माझ्या लॅपटॉपवर चालवलं. 'काहीही टाइप करा.' मी केलं. मग काय टाइप केलं ते पाहिलं, आणि गोंधळले. शंभर अक्षरांत बोटांनी मधल्या ओळीतली तीच आठ अक्षरं डावीकडून उजवीकडे बारा वेळा दाबली होती. मी यादृच्छिकतेवर शोधनिबंध लिहिलेली मुलगी. माझं काहीही असं, तर नेकनूरच्या बाईचं कसं असेल?

बुधवारी सकाळी मोहनरावांना सांगून नेकनूरची एसटी पकडली. मी म्हणाले, टूल तपासायचं आहे. ते म्हणाले, एकतीस ओळींसाठी बीडहून नेकनूर? पण जाऊ दिलं.

केंद्रावर सकाळचं संकलन संपत आलं होतं. कॅन धुतल्याचं पाणी दारापर्यंत आलं होतं. बबिताताई पस्तीस-चाळिशीच्या, पदर कमरेला खोचलेला, एका आजोबांच्या दुधाचा फॅट पाहून आकडा मोठ्याने सांगत होत्या. माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहून त्यांचा चेहरा ताठ झाला.

"चौकशीवाल्या का? सगळं लेखी दिलंय मी. तीनदा."

"मी चौकशीची नाही ताई. ज्यांनी टूल बनवलं त्या ऑफिसातून आले."

"मंग तुमीच बनवलं का ते?" त्यांनी फॅटच्या नळ्या स्टँडमध्ये आपटल्या नाहीत, पण ठेवल्या तशाच आवाजात. "नऊ वर्षं झाली मला इथं. दुधाच्या डिग्रीचा एक अंक कधी इकडं तिकडं लिवला न्हाई. आता म्हणत्यात चोरी केली. किल्लीची. अवो, ती किल्ली दिसती कशी तेबी मला ठाऊक न्हाई."

आजोबा कॅन उचलता उचलता थांबले. "बबिता, ही पोरगी तुझ्या बाजूची हाय का त्यांच्या?"

"तेच तर कळंना आबा."

मलाही कळत नव्हतं. मी म्हणाले, "मला एकच सांगा. किल्ली बनवताना पडद्यावर 'काहीही टाइप करा' असं आलं होतं. तुम्ही काय टाइप केलं?"

 आजोबा जाईपर्यंत त्या नळ्या विसळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कावून? तेबी चुकलं का?"

"चुकलं नाही. फक्त काय ते सांगा."

"आता बगा, नवी मशीन आलेली. हार घातला, नारळ फोडला, संघाचे साहेब उभे. आन् मशीनवर पैलीच अक्षरं उमटायची. आपण वही नवी केली तर आधी श्री लिवतो का न्हाई? तितं म्हणतंय काहीही लिवा. म्हणून काय येडंवाकडं लिवायचं? देवाचं नाव लिवलं."

"म्हणजे?"

"राम."

"इंग्रजीत?"

"मंग? आर, ए, एम. तेवढं येतं मला."

माझ्या हातातला पेन थांबला. "किती वेळा?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शिकलेली आहे याचीच त्यांना शंका यावी. "किती म्हंजी? एक माळ. एकशे आठ."

"मोजलंत?"

"डाव्या हाताच्या पेरांवर मोजायचं, उजव्यानं दाबायचं. साहेब म्हणले, बाई किती येळ. मी म्हणलं, माळ अर्धी सोडत न्हाईत."

"आणि धारूरला माऊलींना काय शिकवलं?"

"त्यो इचारत हुता, ताई, काहीही म्हंजी नेमकं काय टाकू? घाबरलता बिचारा. मी म्हणलं, घाबरू नको, देवाचं नाव घे." एवढं बोलून त्या माझ्या चेहऱ्याकडे पाहू लागल्या. "मॅडम, रामाचं नाव लिवलं म्हणून काढायलेत का मला?"

मी तिथूनच धारूरला फोन लावला. माऊली चाळिशीतले गृहस्थ असावेत, आवाज कॅनच्या खडखडाटावरून येत होता.

"एकशे आठ का? व्हय, एकशे आठच. ताई मागं उभ्या राहून मोजत होत्या. नव्वदाला माझा एक एम दोनदा पडला, तर समदं खोडून पुना पैल्यापून करायला लावलं!"

एसटीत मला बसायला जागा नव्हती आणि त्याचं काही वाटलंही नाही. दोन केंद्रं, दोन माणसं, अडीच महिन्यांचं अंतर, आणि तीनशे चोवीस अक्षरं एकाला एक तशीच्या तशी. चोरी कोणी केलीच नव्हती. मांजरसुंब्यापर्यंत मी फार खूश होते. मग मला तारीख आठवली.

जुनं टूल अक्षरांना तारीख जोडायचं. नेकनूरची मशीन नऊ नोव्हेंबरला लागली, धारूरची बावीस जानेवारीला. अक्षरं सारखी असली तरी तारखा वेगळ्या. एक अक्षर बदललं तर सगळी किल्ली बदलते. मग ठसे सारखे येणारच नाहीत.

ऑफिसात येऊन मी लॅपटॉपवर तारीख नऊ नोव्हेंबर करून एकशे आठ वेळा राम टाइप केलं. ठसा आला, पण '४ई९०' नाही. बावीस जानेवारी केली. आणखी तिसराच. मोठी अक्षरं करून पाहिली, पहिलंच अक्षर मोठं करून पाहिलं, एकशे सात आणि एकशे नऊ वेळाही. एकही जुळला नाही. इतकं सुंदर कारण सापडावं आणि ते खोटं निघावं, असं माझं प्रयोगशाळेत एकदाच झालं होतं, आणि तेव्हा चूक थर्मामीटरची होती. आता कशाची, कळेना. कदाचित बबिताताई सगळं खरं सांगत नसतील. कदाचित आधी राम टाइप केला असेल आणि मग तरीही फाइल नेली असेल. एक माणूस दोन्ही करू शकतो.

गुरुवारी सकाळी मी त्याच सतरा ओळींकडे पाहत बसले असताना वडिलांचा फोन आला. ते तलवाड्यात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याच्या दुकानात होते. मेंढरांच्या विम्याचा फॉर्म भरायचा होता.

"शिवे, माझी जन्मतारीख काय गं?"

"एक जून एकोणीसशे अडुसष्ट."

"आन् तुझ्या आईची?"

"एक जून बहात्तर."

"बगा, म्हणलं न्हाई का," असं ते फोन बाजूला धरून कोणाला तरी म्हणाले. मग मला, "हितली बाई म्हणती, काका, दोघांची एकच तारीख कशी, तुमी कुणाचा तरी कागद चुकून दुसऱ्याचा आणलाय. म्हणलं, बाई, गावात जा आन् इच्चार. साखराबाईची एक जून, हरिबाची एक जून, माझ्या भावाची एक जून. मास्तरला ठाऊक नसली की एक जून लावायचा. आख्खी आळी एका दिवशी जन्मली!"

"आप्पा, थांबा," मी म्हणाले.

"कावून? चुकली का तारीख?"

"नाही, बरोबर आहे. भरा तीच. मी नंतर लावते फोन."

ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला एक ठरावीक तारीख लावून टाकायची. मास्तर तेच करतात. मशीन काय करतं?

ऑफिसच्या कपाटात एक जुनं सुटं मशीन पडून होतं, केंद्रांवर दिलं तसंच. मी ते काढलं, धूळ पुसली, इंटरनेटची तार न लावता चालू केलं. त्यात घड्याळाचा सेल नसतोच. नुकतं जागं झालेलं, बाहेरच्या जगाशी जोडणी नसलेलं मशीन. मी तारीख विचारली. पडद्यावर आलं : एक जानेवारी एकोणीसशे सत्तर.

हा मशीनांचा एक जून.

नेकनूरला किल्ली बनली तेव्हा नेटची तार अजून लागली नव्हती. बसवायच्या यादीत किल्ली तिसऱ्या क्रमांकावर आहे आणि नेट पाचव्या. धारूरलाही तसंच. अकराही केंद्रांत तसंच. सगळ्या किल्ल्या एकाच दिवशी जन्मलेल्या. तारीख जोडून उपयोग शून्य. उरलं ते फक्त माणसाने टाइप केलेलं काहीही.

मी त्या मशीनवर राम टाइप करायला सुरुवात केली. लॅपटॉपवर मी प्रोग्रामला सांगून एकशे आठ वेळा टाइप करवलं होतं. का कोण जाणे, या वेळी पेरांवर मोजत हाताने केलं. साठच्या पुढे मोजणी चुकली आणि सगळं खोडून पुन्हा सुरू करावं लागलं. एंटर दाबलं.

चार. ई. नऊ. शून्य. पुढची सगळी अक्षरंही तीच.

मी सोमनाथ सरांना बोलावलं. ते आले, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या, संघाने पाठवलेल्या तपासनीसाच्या कागदाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मी सगळं सांगितलं. राम, माळ, यादीतला तिसरा आणि पाचवा क्रमांक.

"एकशे आठ," ते म्हणाले. "आयला."

"सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

ते माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. "ठसे सारखे आले म्हणून ऐकलं तवा मनात आलतं, दोघांनी एकच टायपलं का काय. पण म्हणलं तारीख हाय की मधी, वेगळंच येईल. मग वाटलं, उगा कशाला, त्या ओळीच काढून टाकू." त्यांनी चष्मा काढला. "सत्तरचं मला सुचलंच न्हाई, शिवकन्या. देवाशपथ."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. नंतर किती ठेवावा याचा विचार करत राहिले. 'साफसफाई' हा शब्द त्यांनी निवडला होता आणि त्यांना शब्द कमी येत नाहीत.

तेवढ्यात मोहनराव आले. ऐकून घेतलं. पहिलं वाक्य म्हणाले ते असं, "हे संघाला सांगायचं न्हाई."

"सर, त्या बाईंची नोकरी..."

"आन् आपली? आपलंच टूल चुकलं म्हणलं तर अकरा केंद्रं जातील. तू तुझं काम कर. बदल बरोबर हाय का न्हाई?"

"बरोबर आहे."

"मंग ओके दाब. बाईचं मी बघतो, सांगतो काहीतरी गोड शब्दात."

मी जागेवर आले. पडद्यावर दोन बटणं होती, एक मंजूर, एक परत पाठवा. इथे माझा गोंधळ सगळ्यात जास्त झाला. हिरव्या चौदा ओळी उत्तम होत्या. त्यात मला एक स्वल्पविरामही चुकीचा सापडला नव्हता. चूक होती ती फक्त त्यांच्या वरच्या एका शब्दात. मंजूर केलं असतं तर सतरा लाल ओळी नाहीशा झाल्या असत्या, त्या काय करत होत्या ते पुढे कोणी विचारलं नसतं, आणि शुक्रवारी बबिताताई घरी गेल्या असत्या. बरोबर कोड परत पाठवायचा असतो का? हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अडीच महिन्यांच्या नोकरीत विचारायचं कोणाला, तेही कळत नव्हतं. जे दोघं सांगू शकले असते ते दोघं याच खोलीत होते.

मी परत पाठवा दाबलं. शेऱ्यात लिहिलं : 'कोड योग्य. कारण लिहिलेलं नाही. काढलेल्या सतरा ओळी काय करत होत्या आणि त्यामुळे काय झालं, ते लिहावं.'

सोमनाथ सरांचं टेबल माझ्यापासून आठ फुटांवर आहे. शेरा त्यांच्या पडद्यावर गेला ते मला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. चहा आला, त्यांनी घेतला नाही, त्यावर साय आली. मग टायपायचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

पाऊण तासाने बदल परत माझ्याकडे आला. कोड तोच. 'साफसफाई' गेली होती. तिच्या जागी लिहिलं होतं : 'जुन्या टूलची किल्ली फक्त माणसाच्या टायपिंगवर अवलंबून होती. नेटआधी मशीनची तारीख सगळीकडे १ जानेवारी १९७० असल्याने तारखेचा उपयोग होत नव्हता. त्यामुळे दोन केंद्रांची किल्ली एक झाली. किल्ली कोणी नेलेली नाही. रचना माझी, चूक माझी. सोमनाथ.'

मी मंजूर दाबलं. मोहनरावांनी ते केबिनमध्ये वाचलं असावं, कारण दार उघडून ते थेट सोमनाथ सरांपाशी आले.

"हे काय लिवलंस बे? हे दाखवायचं संघाला?"

"तुमी दाखवा, न्हाईतर मी दाखवतो," सर म्हणाले. आवाज चढवला नाही. "माझं गाव धारूर हाय साहेब. उद्या माऊलीच्याबी मागं लागतील हे. मी गावात कोणत्या तोंडानं जाऊ?"

शुक्रवारी आम्ही तिघं संघात गेलो. मांडीवर ते सुटं मशीन घेऊन मी गाडीत मागे बसले होते. 

बैठकीत अध्यक्ष आणि सहा संचालक होते. बबिताताई दाराजवळच्या खुर्चीत, हातात घडी केलेला खुलासा. सोमनाथ सरांनी सगळं सांगितलं. संचालकांना ते कळलं नाही. एक जण म्हणाले, कॉम्प्युटरवाल्यांची ही नेहमीची भाषा आहे. दुसरे म्हणाले, पण किल्ली तर एकच निघाली ना, मग कोणी तरी नेलीच असणार. मी सांगायला उठले तर मलाही तेच, पात्रातल्या वाळूपर्यंत गेले आणि अध्यक्ष म्हणाले, वाळूचा विषय इथं नको. सगळे हसले.

तेव्हा मला सुचलं. "त्यांनाच करू द्या," मी म्हणाले. मशीन टेबलावर ठेवलं, चालू केलं, तपासनीसाचा कागद अध्यक्षांच्या हातात दिला. "ताई, त्या दिवशी केलं होतं तसंच करा."

बबिताताई आल्या, पदर सावरून बसल्या. मशीनकडे एकदा हात जोडले. डाव्या हाताचा अंगठा पहिल्या पेरावर ठेवला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायला लागल्या.

खोलीत फक्त त्या बोटाचा आवाज. वीस-पंचवीस झाल्यावर एक संचालक म्हणाले, "एवढ्यानं न्हाई का भागत?"

बबिताताईंनी नकारार्थी मान हलवली. ओठ चालूच. चाळीसला अध्यक्षांचा फोन वाजला. त्यांनी तो बंद केला. सत्तरला चहावाला आत आला आणि हातातला ट्रे घेऊन तसाच उभा राहिला. मी मनात मोजत होते आणि माझी मोजणी पुन्हा चुकली. त्यांची चुकली तर? नव्वदाला एम दोनदा पडला तर? मला पहिल्यांदाच कळलं की एका माणसाचं नऊ वर्षांचं काम किती थोड्या अक्षरांवर टांगलेलं असू शकतं, आणि ती अक्षरं मी नाही, त्या टाइप करत आहेत.

त्यांनी एंटर दाबलं आणि हात मांडीवर घेतले.

अध्यक्षांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "चार," ते वाचू लागले. "ई. नऊ. शून्य." ते संथपणे शेवटच्या अक्षरापर्यंत गेले. मग कागद खाली ठेवून बबिताताईंना म्हणाले, "म्हणजे तुम्ही फक्त नामस्मरण केलं."

"मी पैल्यापून तेच सांगायलेय," त्या म्हणाल्या. "तुमी इचारलंच न्हाई."

नोटीस मागे घेतली. आमची केंद्रं गेली नाहीत, पण तीन महिन्यांची मुदत लागली. सगळ्या किल्ल्या आमच्या खर्चाने बदलायच्या. बाकी नऊ केंद्रांत काय टाइप केलं होतं ते मी फोनवर विचारलं. तिघांनी स्वतःचा मोबाइल नंबर पुन्हा पुन्हा, एकाने मुलीचं नाव, एकाने नुसते शंभर शून्य. उरलेल्यांना आठवत नव्हतं.

सोमवारी नव्या टूलने पहिली किल्ली बदलायला मी नेकनूरला गेले. बबिताताईंनी मशीनला पुन्हा हार घातला होता. मी एक बटण दाबलं आणि पडद्यावर आलं : किल्ली तयार.

त्यांनी कीबोर्डवर ठेवायला उचललेला हात तसाच राहिला.

"झालं?"

"झालं."

"मी तर काहीच न्हाई लिवलं."

"आता लिहावं लागत नाही. मशीन आतल्या आत लिहून घेतं."

"काय लिवतं ते?"

"काहीही," मी म्हणाले.

"तेच तर इचारतेय," बबिताताई म्हणाल्या. "काहीही म्हंजी काय?"

मी सांगायला सुरुवात केली. धातूतले कण कधीच स्थिर नसतात, तारेतून जाणाऱ्या विजेत सतत एक बारीक थरथर असते, ती कोणालाच आधी सांगता येत नाही. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं की कोणालाच म्हणजे अगदी देवालाही का, आणि मी यादृच्छिकतेवर शोधनिबंध लिहिलेला असूनही मला पटकन हो म्हणता आलं नाही.